दाताखालची कच

त्या पोयला बैशाखाला, आमच्या बंगाली नव्या वर्षाच्या दिवशी, हाबुलने अख्ख्या पाड्याला गुगलीचा रस्सा आणि भात जेवायला घातला, आणि एकाच्याही दाताखाली कच लागली नाही.

गुगली म्हणजे आमच्या कलमी तळ्यातली काळपट, सुपारीएवढी गोगलगाय. ती उकडायची, खजुरीच्या काट्याने मांस ओढून काढायचं, आणि बटाटा, कांदा, लसूण घालून मोहरीच्या तेलात परतायचं. चिखलात हात घातला की मिळतं असं आयतं अन्न. त्रास एवढाच, की ही बाई अंडी घालत नाही. पिल्लं पोटातच वाढवते, तीही शंखासकट. पोटुशी गुगली ताटात आली की मोहरीच्या दाण्याएवढे ते शंख दाताखाली कचकन फुटतात. म्हणून तर आमच्याकडे जावई जेवायला बसला की सासू त्याच्या ताटाकडे बघत नाही, जबड्याकडे बघते.

त्या दिवशी मात्र पंगत नुसती डुलत होती.

"लोणी आहे रे, लोणी!" पटलकाका म्हणाले. "माझे उरलेसुरले दात आज पहिल्यांदा निर्धास्त जेवले."

"चांदीचं पाणी, काका," हाबुल वाढता वाढता म्हणाला. "तळं शुद्ध झालंय. आता कच राहील कशी?"

दुर्गापूजा आटोपल्यावर हाबुलने तळ्याच्या काठी पत्र्याची शेड टाकली होती. कोलकात्याहून मोज्यांच्या गोण्या यायच्या आणि निळ्या पिंपातून चांदीचं औषध. पाण्यात ते औषध कालवायचं, मोजे बुचकळायचे, वाळवायचे, जोड्या लावून परत पाठवायचे. त्या मोज्यांत म्हणे पायाला कितीही घाम आला तरी वास येत नाही. आमच्या पाड्यात बूट एकट्या पोस्टमनच्या पायात. पण हाबुलने घरटी एकेक जोड वाटला, आणि तो सगळा हिवाळा माणसं चपलांत मोजे घालून हिंडली आणि एकमेकांना पाय हुंगायला लावत राहिली.

उरलेलं पाणी हाबुल रोज सकाळी तळ्यात ओतायचा, तेही हात जोडून. आमच्या आज्या-पणज्या पाण्याच्या माठात चांदीचा रुपया टाकून ठेवायच्या. बाळाच्या तोंडी पहिला भात जातो तो चांदीच्या चमच्याने. चांदी म्हणजे शुद्ध, चांदी म्हणजे शुभ, यात कुणाला काय शंका असणार? "लोक देवाच्या तळ्यात तांब्याचा पैसा टाकतात," हाबुल म्हणायचा, "मी कलमीला रोज चांदी वाहतो." बायकांची तर त्यावरून भांडणं लागली. रोज उत्तरेच्याच घाटावर का ओततोस रे, दक्षिणेच्या घाटाने काय पाप केलंय? मग तो बिचारा पाळी लावून ओतू लागला. एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे.

पंगतीत एकटी सौदाकाकी हळूहळू चावत होती. चावायची, थांबायची, पुन्हा चावायची.

"काकी, मीठ कमी पडलं का?" हाबुलने विचारलं.

"मीठ बरोबर आहे."

"मग?"

"कच कुठाय?"

सगळी पंगत हसली. पटलकाकांना तर ठसकाच लागला. "काय बाई आहे! बिनकाट्याचा मासा वाढला तर ही म्हणेल, काटा कुठाय, काटा आणा आधी."

काकी हसली नाही. भात संपवला, हात धुतला आणि घाटाकडे गेली.

सौदाकाकी म्हणजे बदकं, आणि बदकं म्हणजे सौदाकाकी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की बदकं ठुमकत, भांडत, एकमेकींच्या चुगल्या करत तळ्यात उतरायची, आणि संध्याकाळी काकी घाटावर उभी राहून हाका घालायची:

*चोई चोई चोई गं, दिवस गेला बाई,*
*चिखलामध्ये माणिक असलं तरी आता नाही.*
*पोटामध्ये गुगली, पंखाखाली वारा,*
*उद्या पुन्हा तुमचाच गं कलमीचा पसारा.*

त्या बदकांच्या अंड्यांचा बलक असा केशरी की आमच्या पोरींना सूर्य काढायला सांगितला तर त्या आधी काकीचं अंडं आठवत. हाबुलही त्या अंड्यांवरच वाढलेला. आई तापाने अंथरुणाला खिळली होती त्या वर्षी रोज एक अंडं काकीने त्याला उकडून दिलं, आणि तो खाऊन होईपर्यंत समोर बसून राहिली.

भांडी घासायला मी घाटावर गेले तेव्हा काकी पायरीवर बसून दगडाने गुगल्या फोडत होती.

"बोउमा, इकडे ये. ही बघ." पाड्यातल्या सगळ्याच सुना तिच्या बोउमा. तिने एक शंख फोडून माझ्या तळहातावर ठेवला. "आता ही. आता ही. चैत्र सरला. या दिवसांत एकेकीच्या पोटात गोकुळ नांदतं. दिसतंय काही?"

काही दिसत नव्हतं. मऊ मांस होतं, नुसतं मांस. काकीच्या तोंडून मला वाटलं आता 'तो' शब्द येणार. पण तो शब्द तिने उभ्या जन्मात कुणाला वापरला नव्हता, गोगलगाईलाही वापरला नाही.

"रित्या आहेत गं सगळ्या," ती म्हणाली. "म्हणून माझ्या पोरी उपाशी. मी म्हणते अंड्यांची कवचं अशी कागदासारखी का येताहेत! बदक गिळतं ते बारकी गुगली. मोठी तिच्या घशाखाली उतरत नाही, मला फोडून द्यावी लागते. आणि तळ्यात बारकी उरलीच नाही. या म्हाताऱ्या संपल्या की झालं."

"मग काय करायचं, काकी?"

तिने पाण्याकडे बघितलं. बदकं बुड्या मारत होती, शेपट्या आभाळाकडे, आणि रिकाम्या चोचीने वर येत होती.

"इसराफिलला निरोप धाडते," ती म्हणाली. "वैशाख सरेपर्यंत बघते. तळ्यात पिल्लू दिसलं तर माझ्या पोरी माझ्याजवळ. नाही दिसलं तर अखेरच्या दिवशी त्याने टोपल्या घेऊन यावं. उपाशी ठेवून माया करणारी मी नाही."

इसराफिल चाचा काटव्याचा बदकांचा व्यापारी. दर वर्षी तो काकीच्या दारात चहा पिऊन, बदकांचं तोंडभर कौतुक करून रिकाम्या हाताने जायचा. त्या वर्षी त्याला बोलावणं गेलं, आणि पाड्याला कळलं की हसण्यावारी न्यायची गोष्ट राहिली नाही.

*

काकी हात बांधून बसणारी नव्हती. दुसऱ्याच दिवशी कालव्यापलीकडे बहिणीच्या गावी, बाघडांग्याला गेली आणि डोक्यावर ओल्या गोणपाटाने झाकलेली टोपली घेऊन आली. टोपलीत गुगल्या. ठसठशीत, जड, पोटुशा.

"सोयरीक करून आले," ती म्हणाली. "बाघडांग्याच्या पोरी कलमीला दिल्या. आता नांदतील."

माझी लेक झिलिक टोपलीवर वाकली होती; काकीला ती आजी मानून ठाकुमा म्हणायची. "पण ठाकुमा, आपल्या कोणत्या आणि बाघडांग्याच्या कोणत्या, हे कळणार कसं?"

"खरंच की गं. आळता लावू?"

"आळता धुऊन जाईल." झिलिक घरात पळाली आणि मावशीने जत्रेत घेऊन दिलेली नेलपॉलिशची बाटली घेऊन आली. लालभडक. मग ठाकुमा आणि नात अंगणात फतकल मारून बसल्या आणि एकेका गुगलीच्या पाठीवर एकेक टिपका देऊ लागल्या. पटलकाका जाता जाता थबकले.

"हे काय चाललंय?"

"नवऱ्या सजवतोय," काकी म्हणाली. "तुम्ही मध्ये बोलू नका, पुरुषांचं काम नाही."

"मला वाटलं होतंच, एक दिवस ही बाई बदकांना पैंजण घालणार. ही तर त्याच्याही पुढे गेली."

तो वैशाख झिलिकच्या व्रताचाही होता. आमच्या मुली वैशाखभर अंगणात हातभर लांब, हातभर रुंद खड्डा खणतात, मध्ये बेलाची डहाळी रोवतात, चार कडांना कवड्या मांडतात आणि रोज सकाळी त्यात पाणी घालतात. पुण्याईचं तळं म्हणतात त्याला. उन्हाळ्यात गावाची तळी आटू नयेत, कुणाची तहान राहू नये, म्हणून मुलींनी धरलेली ती ओंजळ. झिलिकचा खड्डा खणून झाला, शेणाचिखलाने लिंपून झाला, बेल रोवला, आणि मग कळलं की कवड्या नाहीत. गेल्या वर्षीच्या कवड्या तिने वर्षभर खेळून कुठे कुठे हरवल्या होत्या.

रडं सुरू व्हायच्या आत तिला युक्ती सुचली. टोपलीतल्या चार नवऱ्या उचलून तिने चार कडांना मांडल्या.

"अगं, व्रताला जिवंत प्राणी?" मी ओरडले.

"शंखच आहे ना, आई? कवडीपण शंखच."

काकीने माझ्याकडे बघून मान हलवली. "राहू दे गं. पुण्याचं काम आहे, भटजी थोडाच येतोय तपासायला."

झिलिक नळाच्या पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली आणि गाऊ लागली:

*ओंजळभर तळं माझं, ओंजळभर आभाळ,*
*बेलाच्या डहाळीखाली पाण्या, जीव सांभाळ.*
*गाय पिवो, बाय पिवो, पिवो रानपाखरू,*
*माझ्या तळ्याच्या काठी खेळो चिखलाचं लेकरू.*

दुसऱ्या दिवशी सकाळी कडा रिकाम्या होत्या. चारही कवड्या चालत चालत पाण्यात उतरल्या होत्या आणि एक बेलाच्या डहाळीला चिकटून वर चढत होती. झिलिकने टाळ्या पिटल्या. "ठाकुमा! माझ्या कवड्यांना पाय फुटले!"

"मग व्रत पावलं समज," काकी म्हणाली आणि बाकीची टोपली घेऊन कलमीकडे गेली. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने त्या मूठ मूठ सोडल्या; लेकीला सासरी सोडावी तशी, मागे वळून वळून बघत परतली.

वैशाख तापत गेला. दर चार-दोन दिवसांनी काकी तळ्यात हात घालून लाल टिपक्याची एखादी बाहेर काढायची, निरखायची, फोडून बघायची. पहिल्यांदा पोटात पिल्लं होती. काकी त्या दिवशी पाड्यात प्रत्येकाशी गोड बोलली, लोक घाबरले. पुढच्या खेपेला पिल्लं होती, पण थोडी, आणि त्यांचे शंख फिकट, दूधपाण्यासारखे, बोट लावलं की विरघळणारे. त्यानंतर काही नाही. नवऱ्या जिवंत होत्या. खात होत्या, सरकत होत्या, टिपका तसाच लालभडक मिरवत होत्या. फक्त रित्या होत्या.

पाड्यात तर्कांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. कुणी म्हणालं, ऊन फार. पटलकाका म्हणाले, "बाघडांग्याच्या पोरी, त्यांना इथलं सासर रुचलं नसेल." हाबुलला मात्र झोप येईना. काकीचं तोंड उतरलेलं त्याला बघवत नसे. त्याने उपाय म्हणून काय करावं? ओतायच्या पाण्यात औषधाचं एकेक माप वाढवलं.

आमच्या अंगणातल्या खड्ड्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. झिलिक रोज पाणी घालायची, गाणं म्हणायची आणि शाळेत पळायची.

*

वैशाखाचा अखेरचा दिवस उजाडला. व्रताची सांगता, म्हणून मी दूध-बत्ताशांचा प्रसाद केला होता. पाड्यातल्या बायका जमल्या. झिलिकच्या शाळेतल्या बाई, मणिदीपा दिदिमोनीही आल्या. व्रताचं गाणं त्यांना मुलींकडून शाळेत बसवून घ्यायचं होतं. काकी आली ती तोंड धुऊन, स्वच्छ साडी नेसून, पाहुणी आल्यासारखी. बदकांना तिने त्या सकाळी खुराड्यातून सोडलंच नव्हतं. शेजारच्या तिच्या अंगणातून त्यांचा कालवा इथवर ऐकू येत होता.

आणि इसराफिल चाचाची सायकल फाटकाशी थांबली. मागे दोन्ही बाजूंना वेताच्या टोपल्या.

"या," काकी म्हणाली. "आधी प्रसाद घ्या. पोरीचं व्रत पुरं होऊ दे."

"होऊ दे, होऊ दे," चाचा म्हणाला आणि उंबऱ्याच्या सावलीत टेकला. "मला कसली घाई? खरं सांगू, सौदाबहेन, तुमच्याकडून रिकामं जायची इतकी सवय झालीये की आज टोपल्या आणतानाच हात जड झाला."

झिलिक शेवटचा तांब्या घेऊन खड्ड्याशी वाकली, आणि तशीच राहिली. पाणी घालेना, गाणं म्हणेना.

"काय झालं गं?" मी म्हटलं.

"आई, डहाळीवर मोहऱ्या कुणी चिकटवल्यात?"

मी बघायच्या आत काकी तिथे पोचली होती. गुडघ्यांवर बसली. नाक पाण्याला टेकेल इतकी वाकली. मग तिने करंगळीच्या टोकावर एक मोहरी उचलली आणि उन्हात धरली. मोहरीने दोन केसांएवढी शिंगं बाहेर काढली.

"ठाकुमा, ती बघतेय तुझ्याकडे!"

खड्ड्याच्या लिंपणावर, बेलाच्या सालीवर, पाण्यात पडलेल्या पानाखाली, सगळीकडे मोहऱ्याच मोहऱ्या सरकत होत्या. आणि त्यांच्यामधून त्यांच्या आया, पाठीवर लाल टिपका मिरवत, संथ फिरत होत्या.

"बाघडांग्याच्याच ना या?" काकीने विचारलं. "त्याच टोपलीतल्या?"

"मीच काढल्या होत्या की. माझंच नेलपॉलिश आहे."

"म्हणजे पोरींत खोट नव्हती," काकी हळूच म्हणाली. "पोरी धडधाकट होत्या."

तेवढ्यात हाबुल आला, धावत, हातात झाकलेला पितळी लोटा. बातमी त्याला वाटेतच लागली असावी. "झिलिकचं व्रत फळलं म्हणे! थांब, थांब, समाप्तीला कोरडं नको. मी खास आणलंय." तो खड्ड्यापाशी बसला आणि लोट्यावरचं झाकण काढलं.

"काय आहे ते?" काकीने विचारलं.

"चांदीचं पाणी. थोडं तुझ्याही तळ्याला, झिलिक. पुण्य वाढेल."

"हाबुल," काकी म्हणाली, "हेच तू कलमीत घालतोस?"

"हेच की. रोज. एक दिवस इकडे, एक..."

तो बोलता बोलता थांबला. एरवी आमच्या पाड्यात पाच बायका जमल्यावर इतकी शांतता फक्त कुणी गेल्यावर असते. खुराड्यातली बदकं तेवढी बडबडत होती.

"नाही," हाबुल म्हणाला. "काकी, नाही. चांदी आहे ही. विष नाही. माझ्या आजीच्या माठात..."

"मग ओत," काकी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "शुद्ध आहे ना? पुण्य आहे ना? ओत बाळा. मी काही म्हणणार नाही."

हाबुलने लोटा तिरपा केला. पाणी काठापर्यंत आलं. खाली डहाळीवर एक मोहरी अर्ध्या वाटेवर थांबून शिंगं हलवत होती. हाबुलचा हात तसाच राहिला. आम्ही सगळ्या त्याच्या मनगटाकडे बघत होतो. मग त्याने लोटा सरळ केला, झाकण घातलं, मांडीवर घेतला, आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"ओतवत नाही गं," तो म्हणाला.

मणिदीपा दिदिमोनी त्याच्या शेजारी खाली बसल्या. "तुमचं कुठे चुकलं सांगू, हाबुलदा? माठातला रुपया तळाशी बसून राहतो. ही चांदी बसत नाही. हिचा असा भुगा केलाय की डोळ्यांना दिसणार नाही, आणि पाणी जिथे जाईल तिथे ही जाते. कल्ल्यांत जाते, शेवाळावाटे पोटात जाते. मोज्यांत वासाचे जंतू मारते म्हणूनच तर ती घालतात. पण तिला कोण सांगणार, इथवर मार आणि इथे थांब?"

"पण गुगल्या मेल्या कुठे?" हाबुल म्हणाला. "चांगल्या जिवंत आहेत."

"हो ना. असल्या बारीक कणांनी पाण्यातले छोटे जीव पुष्कळदा मरत नाहीत, पण त्यांची वीण थांबते, असं मी वाचलंय. स्वतःचा जीव तगवायचा म्हटलं की आधी पाळणा बंद होतो. पण वाचलं होतं ते काचेच्या भांड्यातल्या गोगलगाईंबद्दल. आपल्या कलमीशी त्याचा संबंध असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मीही जेवले होते ना त्या पंगतीत. किती छान, कच नाही, म्हणून दोनदा वाढून घेतलं." त्या जराशा हसल्या. "आणि खात्रीचं म्हणाल तर आज मलाही देता येणार नाही. ओतायचं बंद करून बघायचं, एवढंच."

"बंदच," हाबुल म्हणाला. "या घटकेपासून. पण तळं सुधारायला किती दिवस लागतील?"

"पावसाने भरून वाहिलं, नवं पाणी आलं की हळूहळू. वर्ष तरी धरा."

वर्ष. सगळ्यांच्या नजरा इसराफिल चाचाच्या टोपल्यांकडे गेल्या. तळं वर्षाने सावरेल, पण बदकाला भूक रोज लागते.

काकी उठली. पदराला हात पुसले आणि खुराड्याकडे निघाली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात फाटकाशी येऊन उभे राहिलेल्या पटलकाकांनी काठी आपटली.

"ए सौदा, थांब. त्या दिवशी कच नाही म्हणून दात काढून हसलं कोण? आम्ही. रस्सा ओरपला कोणी? आम्ही. मग आता बदकांचं बघायचं कोणी? घरटी रोज एक वाटी गुगली. कालव्यातून आणा, भातखाचरातून आणा, सासुरवाडीहून आणा. मी पहिली वाटी देतो."

"तुम्ही?" बायकांतून कुणीतरी म्हणालं. "तुम्हाला वाकता येतं का, काका?"

"मला येत नाही. माझ्या सुनेला येतं."

"बघा, बघा, म्हाताऱ्याचं पुण्यही सुनेच्या कमरेवर!"

"वाट्या नकोत," हाबुल मध्येच म्हणाला. त्याचा आवाज अजून ओला होता. "मोज्यांच्या गोण्या आणणारी माझी रिक्षा आहे ना. रोज पहाटे बाघडांग्याच्या कालव्यावर जाईन. कलमी सावरेपर्यंत एक दिवस चुकणार नाही. काकी, तू मला एक वर्ष अंडी खाऊ घातलीस. माझं वर्ष आता सुरू."

काकीने जाऊन खुराड्याचं दार उघडलं. बदकं धक्काबुक्की करत बाहेर पडली, इतका उशीर का केलास म्हणून तिला चार शब्द सुनावले, आणि इसराफिल चाचाच्या सायकलला दोन्ही बाजूंनी वळसा घालून तळ्याकडे चालती झाली.

"पुन्हा रिकामा," चाचा टोपल्या आवळत म्हणाला. तोंड भरून हसत होता. "अल्लाची मेहेरबानी. नाहीतर पुढच्या वर्षी चहा कुठे प्यालो असतो?"

"मोज्यांचा एक जोड घेऊन जा, चाचा," कुणीतरी म्हणालं.

"नको रे बाबा. माझ्या पायाला वास आहे तेच बरं. घरी बायको आंधळी नाही, पण अंधारात मी आलो हे तिला त्यानेच कळतं."

*

निळी पिंपं झाकणं आवळून कोलकात्याला परत गेली. हाबुलच्या शेडमध्ये आता साध्या मोज्यांच्या जोड्या लागतात. धंदा जरा बसला, पण तो म्हणतो, पायांना वास येणारच, पाय आहेत ते. वाटलेले चांदीचे मोजे कुणी तळ्यात धुवायचे नाहीत असं ठरलं. मग पटलकाकांनी ते गोळा करून आपल्या पेरूच्या झाडावर एकेका फळाला चढवले, वटवाघळांपासून राखायला. त्या पावसाळ्यात ते झाड मोजे घालून उभं होतं आणि रस्त्याने जाणारे हसत होते.

हाबुलने शब्द पाळला. त्याच्या रिक्षाचा आवाज आला की बदकं बांधावर रांग लावायची. कलमी भरून वाहिली, शेतांतून फिरली, नवं पाणी घेऊन निवळली. हिवाळ्यात बाघडांग्याहून पुन्हा टोपली आली. या खेपेला नेलपॉलिश जांभळं. पहिल्या सुना आणि दुसऱ्या सुना ओळखायला नकोत? चैत्रात काकी रोज घाटावर बसायची, पण फोडून बघत नव्हती. "पोटुशीला सारखं विचारू नये," म्हणायची.

आणि पुन्हा पोयला बैशाख आला. हाबुलने पुन्हा रस्सा-भात केला. पाड्याने कलमीतल्या गुगल्या वर्षभरात पहिल्यांदा खायला काढल्या होत्या, त्याही टोपलीभरच. पंगत बसली. एरवी आमच्या पंगतीत कोण काय बोलतंय ते कळत नाही. त्या दिवशी नुसते जबडे हलत होते. जो तो आपल्या दातांचं ऐकत होता.

पटलकाका थांबले. डोळे मोठे केले. सगळ्यांनी हात थांबवले.

"कच," ते म्हणाले.

"नक्की? दात तर नाही पडला?"

"दात पडायला राहिलाय कुठे! कच आहे, कच! हाबुल, तुझ्या रश्शात कच आहे रे, लेका!"

"मला पण!" झिलिक ओरडली. "मला दोन!"

"मला नाही आली. मला वाढ, हाबुल. त्या बाजूचं वाढ, तळातलं."

"ए, तिला दोन आणि मला एकही नाही, हा कुठला न्याय?"

हाबुल पळत पळत वाढत होता आणि लोक कचेवरून भांडत होते. मणिदीपा दिदिमोनींनी जिभेवरून एक बारीकसा शंखाचा तुकडा काढला आणि रुमालाच्या टोकात बांधून ठेवला, शाळेत दाखवायला.

मी सौदाकाकीच्या जबड्याकडे बघत होते. ती डोळे मिटून, सावकाश चावत होती. चावली, थांबली, आणि मग इतक्या हलकेच, की शेजारी बसले होते म्हणून मला ऐकू आलं.

कच.

काकीने डोळे उघडले. ताटातला उरलेला रस्सा-भात तिने पानावर काढला, उठली, आणि उष्ट्या हातानेच घाटाकडे निघाली, भर दुपारी, हाका घालत. चोई चोई चोई गं.